फियाटच्या दारातला कागद

पहिल्याच भेटीत त्याच्या गाडीने मला टोचलं.

खरंच टोचलं. रेवदंड्याच्या स्टँडवर मी फोमची भलीमोठी गुंडाळी कवटाळून उभी होते. माझ्यापेक्षा वीतभर उंच, आणि वारा आला की समुद्राकडे पळू बघणारी. अलिबागची एसटी आली. कंडक्टरने मला पाहिलं, गुंडाळीला पाहिलं, "दोघींना जागा नाही" म्हणाला आणि घंटी मारली.

धूळ खाली बसली तेव्हा समोर एक पांढरी जुनी फियाट उभी. आजोबांच्या चपलेसारखी... झिजलेली, पण दिमाखदार.

"कुठवर जायचंय?" आतून आवाज आला.

"चौल नाक्यापर्यंत."

"मग बसा. तुमच्या पाहुण्यांनाही घ्या."

पाहुणे म्हणजे गुंडाळी. तो हसत खाली उतरला. उन्हाने रापलेला चेहरा, बाह्या दुमडलेल्या. त्याने डाव्या दाराला बांधलेली दोरी सोडली. हो, दोरी! दार दोरीने बांधलेलं होतं. गाठ मात्र अशी सुबक की सोडू नये वाटावं. गुंडाळी मागच्या खिडकीतून बाहेर डोकावत बसली, मी पुढे बसले आणि —

"आई गं!"

"थोडं उजवीकडे सरका. तिथे स्प्रिंग वर आलीय."

"हे आत्ता सांगताय?"

"आधी सांगितलं असतं तर बसला असतात?"

गाडी निघाली. आणि काय सांगू... पत्रा खडखड, काचा थडथड, दारं धडधड. दारांचं रबर सुक्या बोंबलासारखं वाळून लोंबत होतं आणि फटीतून फेब्रुवारीचा गार वारा थेट माझ्या कानात शिरत होता. दोन्ही बाजूंना पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या. त्यांचा वास, आंब्याच्या मोहोराचा वास, आणि मधूनमधून त्याचं बोलणं. तो मुरुडला बहिणीच्या लग्नाची आमंत्रणं देऊन परत चालला होता. गाव सासवणे. नाव —

"धर्मा. पूर्ण म्हटलं तर धर्माजी. आजोबांचं नाव ठेवलं. गाडीही त्यांचीच. दोन्ही जुनं माझ्याच गळ्यात."

चौल आलं. मी उतरले, तर तो माझ्या पाठीकडे बघून गालात हसला.

"हळद लागली की तुम्हाला."

माझ्या काळ्या कुर्त्यावर पिवळा भुसा! मी चिमटीत घेऊन पाहिला.

"ही हळद नाही. तुमच्या सीटचा फोम मेलाय. पीठ झालंय त्याचं."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

मी नुसतं वर बोट दाखवलं. पाटी वाचायला त्याला वेळ लागला नाही : क्रांती कुशन वर्क्स. रिक्षा, टेम्पो, बोटीच्या गाद्या.

"क्रांती म्हणजे... तुमचे भाऊ?"

"क्रांती म्हणजे मी."

त्याने दोन्ही हात जोडले. "चुकलो, शेठ."

तेव्हापासून मी शेठ झाले.

*

दुकान बाबांचं. मी जन्मले त्या वर्षी त्यांनी काढलं आणि माझंच नाव लावलं. आता त्यांची कंबर वाकत नाही, म्हणून ते शिलाई मशीनवर बसतात आणि बाकी सगळं मी करते. बाबा गाडीभोवती एक चक्कर मारून आले. दार ढकललं. धाड्! परत उघडलं. धाड्!

"पोरा, आवाज लोखंडाचा नाही," बाबा म्हणाले. "मधलं मऊ संपलं की लोखंड लोखंडाला लागतं. दाराची रबरं, काचेचं रबर, बोनेटचे बफर, सीटचा फोम... मधलं सगळंच गेलंय हिचं."

"बारा दिवसांत होईल? पुढच्या रविवारी बहिणीचं, हेमालीचं लग्न आहे. तिचा हट्ट — आजोबांच्या गाडीतूनच मांडवात जाणार. आणि वर धमकी. शालूवर पिवळा भुसा पडला तर लग्नच करणार नाही म्हणते."

"होईल," मी म्हणाले. "गाडी इथे सोडा आणि लग्नानंतर निवांत —"

"लग्नानंतर मी नसेन. बुधवारी बोटीवर चढतोय. मालवाहू जहाजावर आहे मी. नऊ महिने."

नऊ महिने... मी सहज मान हलवली. मला काय त्याचं! बोटीवर जाणारी पोरं आमच्या किनाऱ्याला काय कमी आहेत? तरी हातातली टेप मी उगाचच दोनदा गुंडाळली.

*

तो रोज येऊ लागला. सासवण्याहून चौल म्हणजे दोन एसट्या. "मालकाने कामावर लक्ष ठेवायला हवं," म्हणायचा. लक्ष होतंच त्याचं. कामावर होतं असं मात्र नाही.

पुढची सीट उसवली तेव्हा फोमखाली काथ्या निघाला, आणि काथ्यात अडकलेला हिरव्या बांगडीचा तुकडा. धर्मा तो उन्हात धरून बघत राहिला.

"आजीची असेल. आजोबा एरवी प्रवासी वाहायचे. पण सोमवारी गाडी फक्त गोदूची, म्हणजे आजीची... हे त्यांनी उभ्या गावाला सांगून ठेवलेलं. दोघं हरिहरेश्वरला जायची."

"मग तुकडा ठेवा बाजूला. नवा फोम बसवताना परत आत घालू."

"आत कशाला?"

"ज्याची जागा त्याला," मी म्हणाले, आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं की सुई थेट बोटात गेली.

खालची काथ्याची गादी तशीच ठेवली. चांगला पिळाचा काथ्या होता, अजून पन्नास वर्षं हलणार नाही. वर नवा फोम, वर रेक्झिन. दारांचं रबर त्याने मुंबईहून मोजून आणलं. मग एक दिवस मी बोटीच्या गाद्या पोचवायला काशीदला गेले आणि परत येऊन बघते, तर हा पठ्ठ्या कमरेवर हात ठेवून उभा.

"मागचं डावं दार. मी लावलं. बघा, शेठ — तारेसारखं सरळ!"

खरंच सरळ होतं. फारच सरळ. मी म्हणाले, "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यात बोटभर फट. रबर आक्रसून मागे सरकलेलं, आणि हा तिच्याकडे असा बघतोय जसं कुणी रातोरात कापून नेलं.

"ताणलंस ना तू?" माझा पाराच चढला. "खेचून खेचून लावलंस! जहाजाचा दोर बांधतोयस काय धक्क्याला?"

"दोर ताणूनच बांधतात..."

"हा दोर नाही! रबराला ताणायचं नसतं. ताणलं की आज पुरतं, उद्या आखडतं. सोल्यूशन लावायचं, जरा वाळू द्यायचं, आणि मग हळूहळू ढकलत न्यायचं. थोडं जास्तच द्यायचं. असं..."

मी त्याचं बोट धरून रबरावर ठेवलं. खरखरीत बोट. दोराने घासून घासून गुळगुळीत झालेला मध्येच एखादा घट्टा. ते बोट माझ्या बोटाखाली हळूहळू सरकलं... कोपऱ्यापर्यंत... आणि कोपरा संपला तरी तिथेच राहिलं.

"शेठ," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"आत्ता तुम्ही मला 'तू' म्हणालात. तीनदा."

मशीनचा आवाज थांबला होता. बाबा दोरा ओवत होते... सुईकडे न बघता.

*

रबर कमी पडलं, म्हणून त्याला पुन्हा मांडव्याहून बोटीने मुंबई गाठावी लागली. संध्याकाळी परत आला तर चेहऱ्यावर शिक्षा झाल्याचं काही चिन्ह नाही. खांद्यावर रबराचं वेटोळं, आणि हातात एक चिमुकली लाल डबी.

डबी माझ्यापुढे ठेवली. अंगठीची असते ना, तशी डबी. माझ्या छातीत गाडीची चारही दारं एकदम वाजली.

"उघड ना."

तोही आता 'तू'वर आला होता. मी उघडली. आत चकचकीत... अंगुस्तान! शिवताना बोटात घालायचं पितळेचं टोपण.

"रोज टोचून घेतेस," तो म्हणाला. "बोटात घालून बघ."

"कुठल्या?"

"ज्याला टोचतं त्या."

अंगुस्तान बेतोबेत बसलं. माझ्या बोटाचं माप त्याने कधी घेतलं, देव जाणे.

*

पुढची काच राहिली होती. आणि मला त्याच कामाची धास्ती. तसली काच आता सहजी मिळत नाही. तडा गेला तर लग्नाची गाडी बिनडोळ्यांची. या कामाला माणसं दोन लागतात, आणि दोघांचा मेळ लागतो. काचेला भोवतीनं रबर चढवायचं, रबराच्या खाचेत सुतळी घालायची, साबणाचं पाणी लावायचं. मग एकाने बाहेरून तळव्याने काच दाबायची, दुसऱ्याने आत बसून सुतळी ओढायची. सुतळी सुटत जाते तशी रबराची ओठाळी, म्हणजे कड, पत्र्यावर उलटते आणि काच बसते. दाब आधी पडला तर काच जाते, ओढ आधी पडली तर रबर फाटतं.

मी आत, तो बाहेर. मध्ये काच.

"ओढ!"

"थांब!"

"आता?"

"आता नाही म्हटलं ना!"

शेजारच्या ठमाबाई वालाच्या शेंगा सोलत ओट्यावर बसल्या होत्या. पंचक्रोशीत कुठलंही लग्न त्यांच्या धवल्यांशिवाय, लग्नाच्या गाण्यांशिवाय, लागत नाही. हेमालीच्याही लग्नात त्याच गाणार होत्या. त्यांना राहवलं नाही.

"काय रं पोरांनो, काच बसवताव का भांडान लावताव? ताल न्हाय तुमच्या हातान. थांबा, मी देते."

आणि शेंगांच्या टोपलीवर थाप देत म्हातारीने सूर लावला —

"ओढ गो बाय सुतळी, नको करू घाई,
काचेच्या पल्याड उभा दर्याचा जावई.
ओढ गो बाय सुतळी, कोपरा आला,
दर्याचा जावई कसा घामान न्हाला..."

मी लाजेने अर्धी झाले. पण थाप पडली की माझा हात आपोआप ओढायचा, थाप पडली की त्याचा तळवा दाबायचा. ओढ... दाब... ओढ... दाब. साबणाच्या फेसाआड त्याचा चेहरा कधी धूसर, कधी स्वच्छ. सुतळीचं शेवटचं टोक माझ्या मुठीत आलं आणि काच बसली. टक्! त्याचे दोन्ही तळवे काचेवर होते. मी माझा एक आतून ठेवला, सहज... काच नीट बसली का बघायला. दुसरं काय!

"बसली बरं का," ठमाबाई ओट्यावरून म्हणाल्या. "दोघांची जोडी बी."

*

शुक्रवारी पाण्याची परीक्षा. मी आत बसले, धर्माने नळी लावून गाडीवर धो धो पाणी सोडलं. टपावर तडतड, काचांवर ओघळ, आणि आत कोरडं ठक्क. भर उन्हातला खोटा पाऊस! त्या पावसाने धर्मा मात्र नखशिखांत भिजला होता.

"आता शेवटची परीक्षा," मी म्हणाले. जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या कापल्या, एक दाराच्या कडेला धरली, दार लोटलं आणि पट्टी ओढली. हलेना. "हे बघ. पट्टी सहज सुटून आली तर काम कच्चं. धरून ठेवली तर पक्कं."

"आणि जोर लावला तर?"

"फाटते. पण सुटत नाही."

तो एकेका दारात पट्टी घालून ओढत राहिला, पोरासारखा. सगळ्या फाटल्या. उरलेल्या पट्ट्या त्याने घडी घालून खिशात टाकल्या. कशाला, ते मी विचारलं नाही.

विचारायला हवं होतं का? बरंच काही विचारायला हवं होतं. रविवार येणार होता, आणि रविवारला लागून बुधवार. मी मनात वाक्यं जुळवत होते. 'पत्र पाठवशील?' छे, आता पत्रं कोण पाठवतं. 'आठवण येईल...' कोणाची? गाडीची म्हणून सांगेन! मी बाई सगळी शिवण उसवायची आणि परत घालायची. तोंडातून एक टाका पडेल तर शपथ.

*

लग्न झोकात झालं. फियाट झेंडूच्या माळा घालून मांडवाशी आली, दार उघडलं, हेमाली उतरली आणि सगळ्यांदेखत गर्रकन वळून आपली पाठ बघू लागली.

"दादूस! एक कण न्हाय!"

मांडवभर हशा. ठमाबाईंनी धवला धरला. गर्दीत हेमालीने मला जवळ ओढलं, कानाशी मुंडावळ्या गुदगुल्या करत होत्या.

"ऐक गो वहि... क्रांती. आमचा दादूस समुद्रात उडी मारील, पण तोंड उघडणार न्हाय. तूच काहीतरी कर."

मी काही केलं नाही. धर्मा पंगतीत वाढत होता. माझ्या पानापाशी आला, जिलेबी वाढली, आणखी एक वाढली, आणखी एक... सहा झाल्या. आमच्या दोघांत बोलणं तेवढंच झालं.

"बस," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला.

सोमवारी आला नाही. पाहुणे असतील. मंगळवारी आला नाही. सामान बांधत असेल. मंगळवारी दिवसभर मी एकाच रिक्षाचं हूड शिवत होते आणि संध्याकाळी बाबांनी शांतपणे दाखवलं : उलटं शिवलं होतं.

"उसव," बाबा म्हणाले. "चुकलं तर उसवता येतं पोरी. शिवलंच नाही तर काय उसवणार?"

*

बुधवारी सकाळी शटर वर केलं, आणि समोर फियाट.

धुतलेली, पुसलेली. आत कोणी नाही. रस्त्यावर कोणी नाही. मी जवळ गेले. डाव्या पुढच्या दारातून, बरोबर रबर जिथे पत्र्याला भेटतं तिथून, एक कागदाची पट्टी बाहेर आली होती. कॅलेंडरचा कागद. बाहेरच्या टोकावर अक्षरं —

'घ्यायला येशील का?'

कोणाला? कुठे? बाकीचं सगळं दाराच्या आत! मी पट्टी ओढली. हलली नाही. हळूच ओढली, तिरकी ओढली, श्वास रोखून ओढली. माझ्याच हाताने लावलेलं रबर, आणि माझंच ऐकेना. शेवटी जोर लावला...

टर्र. अर्धी माझ्या हातात.

मला रडू आणि हसू एकदमच आलं. तेवढ्यात दुकानातून बाबांचा आवाज, "ओढत काय बसलीस? दार उघड की!"

म्हणजे बाबांना ठाऊक होतं!

मी दार उघडलं. उरलेली पट्टी अलगद पायपुसण्यावर पडली. 'नऊ महिन्यांनी मांडव्याला मला'. आणि सीटवर, बरोबर जिथे कधीकाळी ती स्प्रिंग होती तिथे, गाडीची चावी.

"कच्चं की पक्कं?"

मागे तो उभा होता. समोरच्या टपरीवरून दोन चहा घेऊन. पाठीला बोटीवरची मोठी पिशवी. धावत रस्ता ओलांडताना अर्धा चहा रस्त्यावर सांडलेला.

"हे रविवारी तोंडाने विचारता येत नव्हतं?" माझा आवाज उगाचच चढला. "सहा जिलेब्या वाढल्यास! सहा!"

"घाबरलो. तूच म्हणालीस ना... ताणलं की आखडतं. म्हटलं, बारा दिवसांची ओळख, नऊ महिन्यांचा समुद्र. खेचायला गेलो आणि तू मागे सरकलीस तर?"

"अरे माणसा, ताणायचं नाही म्हटलं होतं! लावायचंच नाही असं कधी म्हटलं?"

मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू, कोपऱ्या-कोपऱ्याने, हसू बसत गेलं... त्या काचेसारखंच.

"मग... येशील?"

मी चावी उचलली. "गाडी माझ्याकडे कशी?"

"बंद राहिली की रबर चिकटतं म्हणालीस. दर आठवड्याला दारं उघडायला हवीत, फिरवायला हवी. घरी सांगितलंय." तो खाली बघत म्हणाला, "सोमवारी फिरव."

सोमवारी. मला हिरव्या बांगडीचा तो तुकडा आठवला. नव्या फोमखाली, काथ्यात, होता तिथेच ठेवलेला. माझे डोळे भरून आले, म्हणून मी घाईने ड्रायव्हरच्या बाजूला वळले.

"तिकडे कुठे? चहा —"

"मांडव्याहून बोट किती वाजता?"

"साडेदहा. पण मी एसटीने —"

"नऊ महिन्यांनी घ्यायला यायचं, तर आज सोडायला नको? बस."

"गिअर स्टिअरिंगपाशी आहे. तुला जमेल?"

"टेम्पो चालवते मी. बस म्हटलं ना, खलाशा!"

तो बसला. पिशवी मांडीवर, हातात दोन अर्धे चहा, आणि चेहऱ्यावर अख्खी पौर्णिमा. ठमाबाई ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या होत्या. बाबा दोरा ओवत होते. धर्माने चहा डॅशबोर्डवर ठेवला आणि सवयीने, सगळ्या ताकदीनिशी, दार ओढलं. धाड्!

"हळू," मी म्हणाले. "आता जोर लागत नाही."

त्याने दार पुन्हा उघडलं. दोन बोटांनी अलगद ओढून घेतलं.

टप्.